इंग्रजी मेलमध्ये ‘बिकॉज’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही?

चाकण_क्वालिटी

नमस्कार मंडळी. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर डिप्लोमा. कस्टमर परदेशी असल्यामुळे दिवसाला पाच-सहा मेल इंग्रजीत लिहावे लागतात. शब्द अडत नाहीत. अडतं ते स्वल्पविराम आणि ‘अँड’, ‘बट’, ‘बिकॉज’ यांच्यापाशी.

गेल्या महिन्यात रात्रपाळीतून ४० गंजलेले ब्रॅकेट कस्टमरकडे गेले. लाइन का थांबवली नाही, असं त्यांनी विचारलं. खरं कारण इतकंच होतं, की इन्स्पेक्टर रजेवर होता आणि थांबवायला कुणी नव्हतं. मी लिहिलं: ‘वुई डिड नॉट स्टॉप द लाइन बिकॉज द इन्स्पेक्टर वॉज ॲबसेंट.’ उत्तर आलं, ‘मग लाइन कोणत्या कारणासाठी थांबवली होती? ते रिपोर्टमध्ये का नाही?’ मला कळेचना. लाइन थांबवलीच नाही असं मी लिहिलंय, आणि हे विचारतायत का थांबवली! तीन मेल आणि एक फोन झाल्यावर उलगडा झाला.

आमचे मॅनेजर म्हणाले, ‘बिकॉज’च्या आधी स्वल्पविराम हवा होता. मला शाळेत शिकवलं होतं, की ‘बिकॉज’च्या आधी स्वल्पविराम देत नाहीत. बरोबर कोण? आणि ‘अँड’च्या आधी द्यायचा की नाही, ‘ऑल्दो’च्या वाक्यात ‘बट’ लिहिलं की लाल गोल का पडतो, हेही कुणी नीट समजावलं तर फार मदत होईल. नियमांची यादी नको, ती नेटवर सापडते. ती वाचूनही मेल लिहिताना हात अडतोच.

दस्तऐवज_ठाणे

तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले. मी ठाण्यात मराठी दस्तऐवजांचं इंग्रजी भाषांतर करते: खरेदीखतं, वारसांची प्रतिज्ञापत्रं, फेरफार, जबाब. बावीस वर्षं झाली. मीही मराठी माध्यमाचीच, एबीसीडी पाचवीत शिकले. त्यामुळे तुमचा हात कुठे अडतो ते मला नेमकं माहीत आहे. इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच लिहिते, म्हणजे सगळ्यांना सरळ वाचता येतील.

आधी तुमचं ब्रॅकेटचं वाक्य. तुमच्या शाळेचा नियम बरोबर आणि या वाक्यापुरते मॅनेजरही बरोबर. ‘बिकॉज’ मधे आला की एरवी स्वल्पविराम लागत नाही. ‘वुई स्टॉप्ड द लाइन बिकॉज द इन्स्पेक्टर वॉज ॲबसेंट’ हे तसंच ठीक आहे. पण ‘बिकॉज’च्या आधीच्या भागात ‘नॉट’ आला की वाक्याला दोन तोंडं फुटतात. तो ‘नॉट’ ‘स्टॉप’ला लागतो की ‘बिकॉज’ला, हे वाचणाऱ्याला कळत नाही. स्वल्पविराम नसला तर तो ‘बिकॉज’लाही लागू शकतो: इन्स्पेक्टर नव्हता म्हणून थांबवली असं नाही, वेगळ्याच कारणानं थांबवली. तुमच्या कस्टमरनं तेच वाचलं, आणि त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. स्वल्पविराम दिला की ‘नॉट’ अलीकडेच राहतो: थांबवली नाही, आणि त्याचं कारण पुढे.

मराठीतही हा घोळ आहे बरं का. ‘तो रागावला म्हणून मी गेलो नाही’ याचे दोन्ही अर्थ निघतात. पण बोलताना आपण आवाजानं सांभाळतो, किंवा ‘म्हणून नव्हे’ असं म्हणून मोकळे होतो. मेलमध्ये आवाज नसतो. अशा वाक्यात मी तर स्वल्पविरामावरही विसंबत नाही, कारण आधी टाकते: ‘बिकॉज द इन्स्पेक्टर वॉज ॲबसेंट, द लाइन वॉज नॉट स्टॉप्ड.’ कारण आधी आलं की त्याच्यानंतर स्वल्पविराम द्यायचाच, आणि दुसरा अर्थ निघायला जागाच राहत नाही.

आता मूळ दुखणं. आपल्याला शाळेत सांगितलं, ‘थोडं थांबायचं तिथे स्वल्पविराम’. हे वाचण्यासाठी ठीक होतं. लिहिताना याच सवयीनं आपण मराठीचा श्वास इंग्रजी वाक्यात घेतो, आणि मराठीचं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, इंग्रजीचं मधे. श्वासाच्या जागाच जुळत नाहीत. इंग्रजीचा स्वल्पविराम बांधणी दाखवतो. म्हणून ‘अँड’ दिसला की श्वास बघू नका, ‘अँड’च्या उजवीकडे कर्ता आहे का ते बघा.

‘वुई चेक्ड द पार्ट्स अँड सेंट द रिपोर्ट.’ उजवीकडे ‘सेंट’ आहे, पण पाठवणारा नाही. तो डावीकडचाच ‘वुई’. स्वल्पविराम नको.

‘वुई चेक्ड द पार्ट्स, अँड द कस्टमर ॲक्सेप्टेड देम.’ उजवीकडे नवा कर्ता आणि त्याचं क्रियापद. दोन्ही बाजू आपापल्या पायावर उभ्या आहेत. ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम. ‘बट’, ‘ऑर’, ‘सो’, ‘येट’, ‘नॉर’ यांनाही हेच लागू. आधी हं, नंतर नाही. आपल्याकडे ‘बट’ लिहून मग स्वल्पविराम टाकायची फार सवय आहे. बोलताना ‘पण…’ म्हणून आपण थांबतो, तिथून ती आलेली आहे.

हे आपल्याला जड जातं त्याला कारण आहे. मराठीत कर्ता गाळला तरी बऱ्याचदा क्रियापदच तो सांगतं. ‘जाईन’ म्हटलं की मी, ‘गेलीस’ म्हटलं की तू, आणि तूही बाई. त्यामुळे कर्ता वाक्यात लिहिला आहे की नाही, याकडे आपलं लक्षच जात नाही. शिवाय ‘पार्ट तपासून रिपोर्ट पाठवला’ यात आपण ‘आणि’ वापरतच नाही, ‘-ऊन’वर काम भागतं. मेल लिहून झाला की प्रत्येक ‘अँड’वर बोट ठेवा आणि ‘कोण?’ असं विचारा. आठवडाभर केलंत तरी फरक दिसेल.

‘ऑल्दो… बट’चा लाल गोल हा तर आपला घरचाच. आपण जोडीनं बोलतो: जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, ज्याअर्थी-त्याअर्थी. जोडीतला एक नसला तर वाक्य लंगडं वाटतं. म्हणून ‘ऑल्दो द मटेरियल केम लेट’ लिहिलं की ‘तरी’साठी हात आपोआप ‘बट’कडे जातो. इंग्रजीत दोन वाक्यं बांधायला एकच दोरी पुरते. ‘ऑल्दो द मटेरियल केम लेट, वुई फिनिश्ड द ऑर्डर.’ किंवा ‘द मटेरियल केम लेट, बट वुई फिनिश्ड द ऑर्डर.’ दोन्हींतली एकच घ्या. ‘बिकॉज… सो’, ‘सिन्स… देअरफोर’ हेही तसेच.

पुणेरी_वाचक

ताई, एवढं डोकं कशाला लावायचं? मोबाईलमध्ये दुरुस्तीची ॲप आहेत. वाक्य टाकलं की स्वल्पविराम आपोआप. आमच्या ऑफिसात सगळे तेच करतात.

दस्तऐवज_ठाणे

मीही वापरते, आणि हातून सुटलेली साधी चूक ते पकडतं. पण स्वल्पविरामानं अर्थ बदलतो तिथे तुम्हाला काय म्हणायचंय हे ॲपला कसं कळणार? एक घडलेली गोष्ट सांगते.

वारसांचं ना-हरकतीचं प्रतिज्ञापत्र होतं. मराठीत वाक्य असं: ‘मयताचे मुलगे जे ठाणे येथे राहतात त्यांची सदर व्यवहारास हरकत नाही.’ मी भाषांतर केलं: ‘द सन्स ऑफ द डिसीज्ड, हू रिसाइड ॲट ठाणे, हॅव नो ऑब्जेक्शन.’ ‘हू’च्या आधी एक आणि ‘ठाणे’च्या नंतर एक, असे दोन स्वल्पविराम. व्याकरणात काहीच चूक नाही, कुठलंही ॲप लाल रेघ देणार नाही. कागद वकिलांकडे गेला. त्यांनी पेन्सिलनं दोन्ही स्वल्पविरामांना गोल करून बाजूला लिहिलं, ‘मुलगे किती?’ मी पक्षकाराला फोन केला. चार. दोन ठाण्यात, एक नागपूरला, एक बडोद्याला. नागपूर-बडोद्याच्या सह्या झालेल्या नव्हत्या.

दोन स्वल्पविरामांच्या मधला मजकूर इंग्रजीत जाता जाता दिलेल्या माहितीसारखा असतो. तो उचलून बाजूला ठेवला तरी मूळ विधान पूर्ण राहतं. म्हणजे माझ्या वाक्याचा अर्थ झाला, मयताच्या सगळ्याच मुलांची हरकत नाही, आणि ते सगळे ठाण्यात राहतात. स्वल्पविराम काढले की अर्थ होतो, जे ठाण्यात राहतात तेवढ्याच मुलांची. मराठीतलं ‘जे’ दोन्ही अर्थ पोटात घेऊन बसतं, इंग्रजी तसं बसू देत नाही, तिथे ठरवावंच लागतं. कागदावर शिक्का पडायच्या आधी हे सापडलं. शेवटी आम्ही दोघांची नावंच लिहिली. तेव्हापासून मराठीत ‘जे’, ‘जो’, ‘ज्या’ दिसला की फोन करून विचारल्याशिवाय मी स्वल्पविराम देत नाही.

तुमच्याकडेही हे रोज होत असणार. ‘द पार्ट्स विच केम ऑन मंडे, वेअर रस्टेड’ असा एकच स्वल्पविराम आपण हमखास टाकतो, कारण मराठीत ‘सोमवारी जे पार्ट आले, ते गंजलेले होते’ असं म्हणताना ‘आले’पाशी थांबतो. इंग्रजीत कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम येत नाही. दोन द्या, नाहीतर एकही नको. दोन दिलेत तर सगळेच पार्ट गंजले आणि ते आले सोमवारी. एकही नाही दिलात तर फक्त सोमवारचे गंजले, बाकीचे चांगले. दुसरं म्हणायचं असेल तर ‘विच’च्या जागी ‘दॅट’ घ्या, शंका आणखी कमी होते. कस्टमर किती पार्ट परत पाठवेल, हे यावर ठरू शकतं.

वकील_जळगाव

वरच्या वकिलांनी पेन्सिल उचलली ते योग्यच केलं. आमच्या धंद्यात स्वल्पविरामावर माणसं सुटली आहेत.

औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायदा १९४०, कलम २७. त्यात तेव्हा शब्द होते ‘मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल ऑर डिस्ट्रिब्यूट्स’, म्हणजे विक्रीसाठी बनवतो, विकतो, साठवतो किंवा विक्रीसाठी मांडतो किंवा वाटतो. आपल्या महाराष्ट्रातून सुप्रीम कोर्टात गेलेला एक खटला १९७९च्या निकालसंग्रहांत छापलेला आहे. प्रश्न असा, की औषधं नुसती जवळ बाळगली तर या कलमाखाली गुन्हा होतो का? कोर्टानं म्हटलं, ‘स्टॉक्स’ या शब्दानंतर स्वल्पविराम नाही. म्हणून ‘स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल’ हा एकच अखंड तुकडा आहे, आणि ‘फॉर सेल’ हे दोन्हींना लागतं. म्हणजे साठा विक्रीसाठीच होता हे सरकारी पक्षानं सिद्ध करायला हवं. स्वल्पविराम असता तर ‘स्टॉक्स’ सुटा पडला असता आणि नुसता साठाही गुन्हा ठरवता आला असता.

दस्तऐवज_ठाणे

वकीलसाहेब, हे फार छान सांगितलंत. याचीच बहीण शोभेल अशी अमेरिकेतली केस आहे, मेन राज्यातली. चाकणकर, ही तुमच्या कामाची, कारण यात याद्या आहेत आणि तुमचे रिपोर्टही याद्यांनीच भरलेले असतात.

तिथल्या कायद्यात कोणत्या कामांना जादा वेळेचा मोबदला नाही, याची यादी होती: ‘कॅनिंग, प्रोसेसिंग, प्रिझर्व्हिंग, फ्रीझिंग, ड्राइंग, मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन ऑफ’, आणि पुढे शेतमाल, मांस-मासळी, नाशवंत पदार्थ. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर माल पोचवत होते, पॅकिंग करत नव्हते. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम असता तर ‘डिस्ट्रिब्युशन’ हे यादीतलं वेगळं काम झालं असतं, आणि ड्रायव्हर मोबदल्यातून सरळ वगळले गेले असते. तो नव्हता. म्हणून ड्रायव्हर म्हणाले, यादीतलं शेवटचं काम एकच आहे, पॅकिंग, मग ते पाठवणीसाठी असो की वितरणासाठी. मार्च २०१७ मध्ये अपील कोर्टानं म्हटलं की कलम संदिग्ध आहे, आणि संदिग्ध असेल तर कामगारांच्या बाजूनं वाचायचं. २०१८ मध्ये कंपनीनं ५० लाख डॉलरवर तडजोड केली. पुढे विधिमंडळानं त्या यादीत अर्धविराम घातले आणि ‘डिस्ट्रिब्युशन’चं ‘डिस्ट्रिब्युटिंग’ केलं.

ड्रायव्हरांचा एक मुद्दा मला विशेष आवडतो. यादीतली सगळी कामं ‘-इंग’नं संपतात, आणि ‘शिपमेंट’, ‘डिस्ट्रिब्युशन’ हे दोनच शब्द तसे नाहीत, म्हणजे ते जोडीचे आहेत. यादी लिहिताना सगळे शब्द एका साच्याचे ठेवले तर अर्ध्या शंका स्वल्पविरामाशिवायच मिटतात. आपण मराठीत ‘तपासणी, पॅक करणं आणि पाठवले’ असं लिहीत नाही, पण इंग्रजीत ‘चेकिंग, पॅक अँड डिस्पॅच्ड’ असं सहज लिहून जातो.

यादीतल्या शेवटच्या ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही, यावर इंग्रजांचंही एकमत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाचं प्रकाशन देतं, म्हणून त्याला ऑक्सफर्ड स्वल्पविराम म्हणतात. ब्रिटनमधली बहुतेक वर्तमानपत्रं एरवी देत नाहीत. आपल्याकडे शाळेत नको असंच शिकवतात, कारण मराठीत ‘कांदे, बटाटे आणि लसूण’ यात ‘आणि’च्या आधी नसतो. माझं मत विचाराल तर तांत्रिक रिपोर्टमध्ये द्या, आणि दिलात तर पूर्ण रिपोर्टभर द्या. ‘ब्रॅकेट, बुश अँड पिन’ असं लिहिलं तर तीन वस्तू की दोन, हे शॉप फ्लोअरवरच्या माणसाला कळेल, पण हजारो मैलांवर बसलेल्याला ‘बुश अँड पिन’ हा एक जोड वाटू शकतो.

मोडी_लिपीप्रेमी

थोडं विषयांतर, पण सांगावंसं वाटलं. मी मोडी कागद वाचते. तिथे विरामचिन्हं तर नाहीतच, शब्दही सुटे नसतात, ओळ सलग धावते. तरी अर्थ लागतो, कारण क्रियापद आलं की वाक्य संपलं हे कळतं. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातले इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांना देतात, म्हणजे ही खूण आपण इंग्रजीकडूनच घेतली. ताई म्हणतात ते मला पटतं: खूण त्यांची आणि वाक्य आपलं, म्हणून तीच खूण परत इंग्रजीत नेताना गडबड होते.

चाकण_क्वालिटी

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘अँड’वर बोट ठेवून ‘कोण?’ विचारायचं, हे आजच्या तीन मेलवर करून पाहिलं. सात स्वल्पविराम निघाले, दोन नवीन पडले.

ताई, उद्या जाणाऱ्या रिपोर्टमधली दोन वाक्यं टाकतो. बघाल का?

एक: ‘द पार्ट्स वेअर ओके, हाउएव्हर द बॉक्स वॉज डॅमेज्ड.’

दोन: ‘द रूट कॉज इज दॅट, द ऑइल वॉज नॉट अप्लाइड बिफोर पॅकिंग.’

दस्तऐवज_ठाणे

पहिलं. ‘हाउएव्हर’ ‘बट’सारखा वाटतो, पण तो उभयान्वयी नाही, दोन वाक्यं बांधायची ताकद त्याच्यात नाही. हे आपल्याला मराठीतून छान पारखता येतं. ‘पेटी फुटली होती’ यात ‘परंतु’ घाला. ‘परंतु पेटी फुटली होती’, एवढी एकच जागा, ‘पेटी परंतु फुटली होती’ असं कुणी म्हणत नाही. आता ‘मात्र’ घाला. ‘मात्र पेटी फुटली होती’, ‘पेटी मात्र फुटली होती’, दोन्ही चालतात. ‘बट’ हा ‘परंतु’, जागचा हलत नाही, तो गाठ मारतो. ‘हाउएव्हर’ हा ‘मात्र’, वाक्यात सरकतो: ‘द बॉक्स, हाउएव्हर, वॉज डॅमेज्ड.’ जो सरकतो तो गाठ मारत नाही. म्हणून ‘ओके’नंतर पूर्णविराम किंवा अर्धविराम, मग ‘हाउएव्हर’, मग स्वल्पविराम, मग पुढचं. ‘देअरफोर’ही त्याच जातीचा आहे. नाहीतर सरळ लिहा: ‘द पार्ट्स वेअर ओके, बट द बॉक्स वॉज डॅमेज्ड.’ रिपोर्टला हेच शोभतं.

दुसऱ्यात ‘दॅट’नंतरचा स्वल्पविराम काढा. तो आपल्या ‘की’ नंतरचा आहे. ‘मूळ कारण असं की,’ म्हणून आपण थांबतो, इंग्रजीत ‘दॅट’ थांबत नाही. ‘ही सेड दॅट’, ‘वुई फाउंड दॅट’ सगळीकडे तसंच. बाकी वाक्य चांगलं आहे. एकच विचारते, तेल ४० ब्रॅकेटना लावलं नव्हतं की त्या रात्रीच्या सगळ्याच मालाला? वाक्यात ते आलेलं नाही.

चाकण_क्वालिटी

फक्त शेवटच्या दोन ट्रेना, ताई. म्हणजे तेच ४०. आता असं केलंय: ‘द रूट कॉज इज दॅट द ऑइल वॉज नॉट अप्लाइड टू द फोर्टी ब्रॅकेट्स दॅट वेअर इन द लास्ट टू ट्रेज.’ ‘दॅट’च्या आधी-नंतर काहीच दिलेलं नाही.

दस्तऐवज_ठाणे

बरोबर. पाठवा.